विमानानं पेरलेला धान

ॲग्नेस टिल्बीला नवरा नव्हता आणि लेकरूही नव्हतं. हे मी बाबांना घरात सांगितलं, वावरात सांगितलं, जेवताना सांगितलं, आणि एकदा तर तिरोडा स्टेशनाच्या रस्त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. बाबा मान डोलवायचे. "बरं बाप्पा, नाही त नाही," म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता जे काही गुणगुणायचे, त्यात अग्नेसबाईच्या मांडीवर पुन्हा एक लेकरू असायचं. कधी मुलगा, कधी मुलगी, एकदा तर जुळं. मी घरातून धावत बाहेर यायचे, बाबा चूळ भरायचे आणि म्हणायचे, "चाल पकडून राहिलो वो. लेकरू मंग काढून टाकतो."

आता मी पन्नाशीला टेकले आहे, कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि कुणी विचारलं की तुम्ही अमेरिकन साहित्याकडे कशा वळलात, तर काहीतरी बरं दिसेल असं उत्तर देते. खरं सांगायचं तर मी वळले नव्हते. माझ्या वाट्याला आली ती बाई. गोंदियाच्या कॉलेजात एम.ए.ला एका अमेरिकन लेखकावर निबंध लिहायचा होता. नामवंतांची नावं गोंदियात राहणाऱ्या मुलामुलींनी पहिल्याच दिवशी उचलली. मी तिरोड्याहून पॅसेंजरने पोचेपर्यंत सरांच्या टेबलावर एकच पुस्तक उरलं होतं, कुणीतरी कॉलेजला दान दिलेलं, पाठीला वाळवी लागलेलं. "ये ले लो. इसके बारे में किसी को कुछ पता नहीं, तो कोई गलती भी नहीं निकालेगा," सर म्हणाले. आमचे सर एरवीही हिंदीत बोलत आणि इंग्रजीचा तासही हिंदीतच घेत. त्या पुस्तकात ॲग्नेस टिल्बीची एक कादंबरी होती, काही कविता होत्या आणि सुरुवातीला तिचं चरित्र होतं. गलती काढायला कुणी नाही, हे सरांचं म्हणणं मात्र साफ खोटं ठरलं. गलती काढायला आमचं सगळं घर बसलेलं होतं.

आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं. घर म्हणजे पुढे दोन खोल्या, मागे सांदवाडी म्हणजे परसू, सांदवाडीत पेरूचं झाड आणि धानाच्या तणसाचा ढीग. दुपारी त्या झाडाखाली माय लाखोळीची डाळ निवडायची किंवा सिंगाडे सोलायची, आणि मी वाचत बसलेली तिला सोसायची नाही. माझ्या वाचण्याला तिची हरकत नव्हती, मी मनात वाचते याला होती. "एकटीच काऊन वाचून राहिली? आमाले बी सांग ना का लिवलं हाये त्याच्यात." म्हणून मी इंग्रजी वाचायची आणि मराठीत सांगायची. चुलीवर झिंग्यांचा रस्सा शिजत असायचा, दूर राइस मिलची भकभक चालू असायची, आणि बाबा बाजेवर आडवे पडून डोळे मिटून ऐकत असायचे. मला वाटायचं, झोपले. तिथंच माझं चुकलं. शाहीर माणूस डोळे मिटून झोपत नाही.

बाबा खडी गंमतीचे शाहीर होते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, जिलेबी आणि सिंगाडे विकायला बसतात, आणि भर दुपारी मैदानात दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात. एकाने गायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच सवाल टाकायचा, पहिल्याने जवाब द्यायचा. आमच्या गावचा रिवाज कडक होता. जवाब आला नाही तर हार. आणि एकाच शाहिराकडून लागोपाठ दोन मंडया हरला, तर आपला डफ त्याच्या पायाशी ठेवायचा आणि गावच्या मंडईत पुन्हा उभं राहायचं नाही. आदल्या वर्षी बाबा तिरोड्याकडच्या दयाराम शाहिराकडून हरले होते. दयाराम जाडजूड, हसतमुख आणि जिभेचा तिखट. बाबांचे सगळे पोवाडे त्याला पाठ होते. कुठल्या कडव्यात कुठला सवाल घुसवायचा, हे तो बाबांपेक्षा चांगलं जाणायचा.

आणि डफ साधा नव्हता. बाबांचे गुरू गावातल्या जुन्या तलाव बांधणाऱ्या घराण्यातले होते. आमच्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली, तरी गावाच्या नजरेत आमच्या घराचा रस्ता गावाबाहेरूनच जात होता. बाबा त्या गुरूंकडे अंगणात उभे राहून शिकले, ओसरीवर चढायची सोय नव्हती. पण मरताना त्या म्हाताऱ्याने आपल्या मुलांना डावलून डफ बाबांच्या हाती दिला होता. माय तो डफ पुसायची तेव्हा लुगडं बदलून घ्यायची. तो डफ दयारामच्या पायाशी जाणार का राहणार, एवढाच प्रश्न त्या वर्षी आमच्या घरात होता, आणि त्याचं नाव मात्र कुणी घेत नव्हतं.

"दयारामनं कधी नाव बी आयकलं नसन अशी गोष्ट पाह्यजे," बाबा एका दुपारी बाजेवरून उठत म्हणाले. "सवाल टाकाले त्याले काही माहीत त पाह्यजे! सुजाता, तुही थे अग्नेसबाई मले दे."

मी म्हटलं, घ्या. अमेरिकेच्या बाईचा पोवाडा आमच्या मंडईत! मला हसूच आलं. ते हसू दोनेक दिवसच टिकलं.

ॲग्नेसचं आयुष्य खरं तर बाबांना आवडावं असंच होतं. अमेरिकेच्या दक्षिणेला, नदीकाठच्या सपाट मुलखात जन्मली. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर धान पिकवायचा. (अमेरिकेत धान पिकतो हे ऐकून बाबा बाजेवर उठून बसले होते. "भातच खातेत का मंग थे?") शाळा सुटली तशी ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली, दिवसभर लोकांच्या तारा जोडायची आणि पहाटे स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहायची. पहिली कादंबरी प्रकाशकांकडून परत परत येत राहिली, मग एकाने छापली, कुणी वाचली नाही. दुसरी कादंबरी पुरावर होती. पूर आला तेव्हा गावातल्या बड्या लोकांनी आपली शेतं वाचवायला बांध गरिबांच्या बाजूला फोडला, ते तिने सगळं लिहिलं. ती कादंबरी देशभर गाजली. गावात मात्र तिच्याशी बोलणं बंद झालं. चर्चमध्ये ती बसेल त्या बाकावर कुणी बसेना, एक्स्चेंजमधलं काम गेलं. कादंबरी तिने पुन्हा लिहिली नाही, कविता लिहिल्या. लहान लहान, शेताच्या, पाण्याच्या, बापाच्या. म्हातारपणी मोठा मान मिळाला, तो घ्यायलाही गेली नाही. त्याच गावात, त्याच घरात मेली.

आता यात काय कमी होतं? बाबांच्या मते सगळंच. "सासू नाही? सवत नाही? मंग बाईले दुःख कायचं होतं?" मी सांगायची, बाबा, गावाने टाकली होती तिला. ते म्हणायचे, थे समजलं, थे आपल्याले समजते, पण मंडईतल्या बायाईले रडाले काही तरी लागते ना. मग ते पूर नेमका तिच्या लग्नाच्या दिवशी आणायचे. मी लग्न मोडायची. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचे. ढोलकीवाले फगनकाका रोज दुपारी तालमीला यायचे आणि आमचं भांडण संपेस्तोवर ढोलकीला शाई चोपडत बसायचे. "आज लगन हाये का नाही?" असं मला आधी विचारूनच ते ठेका धरायचे. एवढी मी वैतागले होते की निबंधातही एकदा चुकून 'तिच्या विवाहानंतर' असं लिहून बसले.

शेवटी नवरा गेला, लेकरंही गेली. मी जिंकले असं वाटलं, तेवढ्यात रोवणा आला. रोवणा म्हणजे धानाची लावणी. गुडघाभर चिखलात ओणव्या झालेल्या बाया, पाठीवर पाऊस, तोंडात गाणी. बाबांनी ॲग्नेसच्या आईला आणि ॲग्नेसला तिथे उभं केलं आणि असं काही कडवं बांधलं की मायच्या हातातला सिंगाडा हातातच राहिला. कडवं सुंदर होतं. फक्त खोटं होतं.

"तिकडे रोवणा नसतो बाबा," मी म्हटलं.

"मंग आवत्या टाकत असतीन." आवत्या म्हणजे हाताने बियाणं फेकून पेरणी.

"फेकतात. पण हाताने नाही. विमानातून."

फगनकाकांनी ढोलकी मांडीवरून उतरवून खाली ठेवली.

मी पुस्तक उघडून कविता वाचून दाखवली. ॲग्नेस लहान आहे. बाप तिला बांधाच्या टोकाला उभी करतो, हातात काठीला बांधलेलं पांढरं फडकं. विमान खाली येतं, ओला धान पेरत येतं, आणि तिने फडकं हलवायचं, म्हणजे विमानवाल्याला कळावं की वावर इथवर आहे, इथून वळ. धान तिच्या केसांत अडकतो. संध्याकाळी आई तिच्या केसांतून एकेक दाणा वेचते. सगळ्या पुस्तकात मला आवडलेली एकच गोष्ट सांगा म्हटलं असतं तर मी हीच सांगितली असती.

"विमान मानसाईले नेते पोरी," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "धान नेत नाही. थे कवितेत लिवलं हाये. कवितेत मीबी चंद्र खाली आनतो."

"ही खरी गोष्ट आहे!"

"तू पाह्यलं का?"

या 'तू पाह्यलं का'ने माझं डोकं फिरलं. जो माणूस न पाहिलेल्या अमेरिकेत सासू उभी करतो, तो मला विचारणार! दुसऱ्या दिवशी मी गोंदियाला तेव्हा नवीनच उघडलेल्या सायबर कॅफेत गेले. तिथल्या पोराने कुठूनतरी एक फोटो शोधला. तो वरून खाली उतरायला लागला. आधी आभाळ आलं, मग आणखी आभाळ आलं, मग लाइन गेली. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "आभाय त आमच्या इथं बी हाये." मी त्या दिवशी जेवले नाही. "तुम्हाला खरं चालत नसेल तर माझी बाई मला परत द्या," एवढं बोलून पुस्तक पेटीत घातलं. बाबांनीही तोंड फिरवलं. मंडईपर्यंत आमच्या घरात ताटं वाजत होती, माणसं नाही.

मंडईच्या सकाळी पाहुण्यांनी घर भरलं होतं. माय मला चुलीपाशी ओढून म्हणाली, "तुह्या बापाचा डफ चालला हाये. रोवना गायले त बाया रडतीन, दयारामचं काही चालनार नाही. तुह्या त्या इमानापायी कायले घालवून राहिली?" मला तिचं पटत नव्हतं असं नाही. रोवण्यावर सवाल कोण टाकणार? मैदानातल्या प्रत्येक बाईची पाठ त्याला साक्ष होती. मी बाहेर गेले. बाबा तणसाचा जाळ करून डफ शेकत होते, मधूनमधून बोटाने टिचकी मारून सूर बघत होते. मी म्हटलं, "बाबा, रोवणा गा. मी काही म्हणत नाही." त्यांनी वर पाहिलं नाही. "धूर लागते, तिकडं हो," म्हणाले.

दुपारी मैदान भरलं. बाबा पागोटं बांधून उभे राहिले, मागे फगनकाका आणि सूर धरणारे दोघं. दयाराम समोर मांडी घालून जिलेबी खात बसला होता. बाबांनी सुरुवात केली आणि, मी खोटं बोलणार नाही, अंगावर काटा आला. परक्या मुलखातली ती बाई आमच्या चालीवर चालत आली. बांध फुटला तिथे आमचे तलावावरचे म्हातारे पुढे सरकले. चर्चचा बाक आला तिथे बाबांनी आवाज एकदम खाली आणला, तिच्या शेजारी कोणी बसेना, कोणी बसेना, असं दोनदा म्हणाले, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बाया ज्या बाजूला बसल्या होत्या तिथे पदर डोळ्यांना लागले. दयारामने जिलेबी खाली ठेवली. आता फक्त रोवणा गायचा होता आणि डफ घरी आणायचा होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डफावर थाप मारली आणि गायले:

"विमान आलं गा विमान, त्याच्या पोटात भरलं धान,
बांधावर उभी पोरगी, हलवे पांढरं निशान."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून एक जण हसला, आणि मैदान फुटलं. मला तर ओरडावंसं वाटलं. सांगत होते तेव्हा ऐकलं नाही, आणि ऐकू नका म्हटलं तर ऐकलं! दयाराम उठला, तोंड पुसलं, आणि हात वर करून सवाल टाकला:

"विमानानं पेरला धान, मंग चिखल कोन गा करी?
पायलटाची बायको का रोवना करते वरी?"

लोक लोळायचे बाकी होते. बाबा उभेच. हसू ओसरल्यावर दयारामने साध्या बोलण्यात विचारलं, कारण रिवाजाप्रमाणे तेही विचारायचं असतं, "शाहीर, तुमी सोता पाह्यलं का?"

"नाही."

"मंग कोन्या गुरूच्या तोंडून आयकलं? नाव घ्या."

शाहिराने डोळ्यांनी पाहिलेलं गावं, नाहीतर गुरूच्या तोंडून ऐकलेलं गावं. तिसरं काही चालत नाही. बाबांना वाट होती. मेलेल्या गुरूंचं नाव घेतलं असतं तर विचारायला कोण जाणार होतं? त्या म्हाताऱ्यांना गाव मानायचं, सवाल तिथेच संपला असता. बाबांनी डफ काखेत धरला आणि बायांच्या बाजूला हात केला.

"माह्या पोरीच्या तोंडून आयकलं. सुजाताच्या."

"पोरगी तुमची गुरू?"

"या गोष्टीपुरती, होय."

मग कोणी फार हसलं नाही. मंडईचे पंच आपसांत कुजबुजले. लेक गुरू कशी होईल, रिवाजात असं कुठं बसतं, जवाब मानता येत नाही. बाबांनी वाद घातला नाही. चार पावलं चालून गेले, डफ दयारामच्या पायाशी ठेवला, त्याला हात लावून कपाळाला लावला, आणि जिलेबीवाल्याकडून पुडा बांधून घेऊन घरी आले. मायने चूल पेटवली नाही, पाहुण्यांनी पुड्यातलीच जिलेबी खाल्ली. मी बाबांना विचारलं, काऊन असं केलं? त्यांनी जिलेबीचा तुकडा माझ्यापुढे केला. "रोवना सगळ्याईलेच माहीत हाये," म्हणाले. मी त्यांच्यावर चिडले, दयारामवर चिडले, आणि सगळ्यांत जास्त ॲग्नेस टिल्बीवर चिडले, जिला विमानाशिवाय दुसरं काही सुचलं नव्हतं.

माझा निबंध बरा झाला, सरांनी 'अच्छा है' लिहिलं. पुढे नोकरी लागली, गोंदियात घर झालं. तिरोड्याला विजेचा मोठा कारखाना आला, त्याच्या चिमण्या आमच्या वावरातून दिसू लागल्या. बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी पोरं आभाळात घिरट्या घालू लागली. बाबा बांधावर उभे राहून ती विमानं बघायचे. मंडईत ते पुन्हा उभे राहिले नाहीत, मंडईच्या दिवशी घरी बसून पेरू खायचे. लोक अधूनमधून चिडवायचे, "शाहीर, आलं पाहा तुमचं पेरणीचं इमान!" बाबा म्हणायचे, "याच्यात धान नाही, पोट्टे हायेत."

मग एक दिवस माझ्या हातात मोबाइलवर तो व्हिडिओ आला. अमेरिकेतलंच वावर, पाण्याने भरलेलं, आणि वरून पिवळं विमान, त्याच्या पोटातून धानाचा पट्टा पडतो आहे, साफ दिसतो आहे. मी कॉलेजातून अर्धी रजा टाकली. बसमध्ये जागा नव्हती, तिरोड्यापर्यंत उभी गेले, तिथून ऑटो केला. बाबा पेरूखाली बाजेवर होते, चष्मा कपाळावर. मी तो डोळ्यांवर उतरवला, मोबाइल समोर धरला आणि म्हटलं, "बघा! बघा आता!"

त्यांनी बघितलं. शेवटपर्यंत. विमान वळलं तेव्हा मान थोडी तिरकी केली, बहुतेक बांधावर फडकं घेऊन कोणी उभं आहे का ते पाहत होते. मग मोबाइल परत दिला.

"बेस हाये. पन मले कायले दाखवून राहिली? दयारामले दाखवाचं. मी कुठं नाही म्हनलो होतो?"

इतक्या वर्षांचा राग माझ्या तोंडाशी आला. "तुम्ही नाही म्हटलं होतं! इथेच, याच झाडाखाली! विमान धान नेत नाही म्हणालात, तू पाह्यलं का म्हणालात, मी जेवले नव्हते त्या दिवशी!"

बाबांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि डोळे मिटले.

"थे घरी म्हनलो होतो वो. मंडईत नाही म्हनलो."